उसनं विरजण

माझ्या धाकट्या जावेच्या फ्रिजमध्ये हल्ली दह्याचे कप कपाटातल्या साड्यांसारखे रचून ठेवलेले असतात. माणशी दिवसाला तीन, घरात माणसं दोन, म्हणजे आठवड्याचे बेचाळीस. हा हिशेब दिरांनी मला हळू आवाजात सांगितला. झालं होतं असं, की स्पेनमधली एक बाई ११७ वर्षं जगली आणि ती रोज तीन वेळा दही खायची, अशी बातमी सगळीकडे फिरली. बातमी चांगली लांबलचक होती. त्यात रक्त होतं, जनुकं होती, हृदय होतं, मेंदू होता. जावेनं त्यातलं दही तेवढं वेचून घेतलं. मी एक कप उचलून मागचं बारीक छापलेलं वाचलं. आंब्याच्या स्वादाचं, आणि दुधाखालोखाल साखर.

"अगं, ह्यात साखरच किती आहे," मी म्हटलं.

"साधं ह्यांना जात नाही, वहिनी."

विषय संपला. पण माझ्या डोक्यातून ती बाई जाईना, म्हणून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत बसले.

मारिया ब्रान्यास मोरेरा तिचं नाव. जन्म ४ मार्च १९०७, सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. १९१५ मध्ये कुटुंब बोटीनं स्पेनला परत निघालं. वाटेत वडील क्षयानं गेले, आणि बोटीवर खेळताना पडून तिचा एक कान कायमचा गेला. पुढे यादवी युद्ध, डॉक्टर नवरा, तीन मुलं, वैधव्य. शंभरी ओलांडली तरी पियानो वाजवत होती. २०२० मध्ये, वयाच्या ११३व्या वर्षी, तिला कोविड झाला आणि ती त्यातून उठली. जानेवारी २०२३ पासून ती जगातली सर्वांत वयस्क व्यक्ती होती. १९ ऑगस्ट २०२४ ला कातालोनियातल्या ओलोत गावच्या वृद्धाश्रमात झोपेतच गेली.

एवढं जगण्याचं कारण तिला विचारलं की ती सांगायची: नीटनेटकं, शांत राहणं, घरच्यांशी आणि मित्रांशी चांगलं असणं, झाडापेडांत वावरणं, आणि त्रास देणाऱ्या माणसांपासून लांब राहणं. शिवाय नशीब आणि चांगली जनुकं, हेही ती स्वतःच म्हणायची. त्रास देणाऱ्या माणसांचं वाचून मला हसू आलं. माझ्या आजीची त्रास देणारी सगळी माणसं तिच्याच चुलीवरचं जेवत होती. लांब जायचं तर तिनं कुठे जायचं?

मरण्याआधी मारियानं आपलं रक्त, लाळ, लघवी, शौच, सगळं तपासायला दिलं. बार्सिलोनाच्या मानेल एस्तेयेर यांच्या गटानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि २०२५ मध्ये 'सेल रिपोर्ट्स मेडिसिन'मध्ये छापलं. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट जावेला अजून सांगितलेली नाही. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. कासऱ्याच्या टोकाला गाठ मारतात ना, पीळ सुटू नये म्हणून, तसं त्यांचं काम. पेशी दर वेळी दुभंगली की ही गाठ थोडी झिजते, आणि टेलोमिअर आखूड म्हणजे म्हातारपण आलं, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. मारियाचे टेलोमिअर कमालीचे आखूड निघाले. त्या हिशेबानं ती केव्हाच संपायला हवी होती. पण तिला कॅन्सर नाही, मेंदूचा आजार नाही, अंगात दाह, म्हणजे आतल्या आत धुमसणारी सूज, अगदी कमी, चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आणि वाईट कमी. पेशींचं वय मोजायची जी दुसरी रासायनिक घड्याळं आहेत, ती तिला तिच्या खऱ्या वयापेक्षा बरीच तरुण दाखवत होती. म्हणजे शरीर म्हातारं होणं आणि शरीर आजारी पडणं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. संशोधकांचा एक अंदाज तर असा, की गाठी झिजल्यामुळे पेशींना फार वेळा दुभंगताच येत नव्हतं, आणि त्यामुळेच कॅन्सरची वाट बंद झाली असेल.

जनुकांमध्ये काही दुर्मीळ बदल सापडले, हृदयाला, मेंदूला, प्रतिकारशक्तीला जपणारे. आणि पोटात सापडले बायफिडोबॅक्टेरियम नावाचे जंतू, ढिगानं. म्हातारपणी हे जंतू सहसा कमी होत जातात. तिच्यात ते लहान मुलासारखे नांदत होते.

लहान मुलासारखे, हे मी उगाच लिहीत नाही. हे जंतू पहिल्यांदा सापडले तेच १८९९ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शौचात. आंरी तिसिये नावाच्या डॉक्टरला. अंगावरच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग असतात कशाला? ह्या जंतूंसाठी. आई पाजते तेव्हा ती एकट्या बाळाला पाजत नसते, पोटातल्या ह्या पाहुण्यांचंही ताट वाढत असते. मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला आजीची गोष्ट आठवली.

आजी माणदेशातली. दहिवडीपासून आत, जिथं पाऊस ढगातूनच परत जातो, तिथली. तिचं वय किती हा आमच्या घरातला कायमचा वाद. रेशन कार्डावर एक, मतदार ओळखपत्रावर दुसरं, आधारवर तिसरं. माझ्या वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, काकांची १ जून आहे, गावातल्या निम्म्या माणसांची १ जूनच आहे. मास्तरांनी पोराला उंचीवरून वर्गात बसवलं आणि तारीख टाकून दिली. आजी तर शाळेत गेलीच नाही, त्यामुळे तिला तेवढीही तारीख नाही. ती एकच खूण सांगायची, "मानमोडीच्या साली मी रांगत व्हते." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्यावरून मी तिचं वय लावते. ती फेब्रुवारी २०१६ मध्ये गेली, म्हणजे अठ्ठ्याण्णव. घरच्यांनी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'वय वर्षे १०२' छापलं. मी हटकलं, तर चुलतभाऊ म्हणाला, "ताई, चार वर्षांनी काय होतंय?"

चार वर्षांनी बरंच काही होतं, पण फक्त आमच्याकडे नाही. २०१० मध्ये जपाननं नोंदी तपासल्या तेव्हा कागदावर जिवंत असलेली दोन लाखांहून जास्त शतायुषी माणसं सापडेनात. टोकियोतल्या एका घरी १११ वर्षांच्या आजोबांना शुभेच्छा द्यायला अधिकारी गेले, तर आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, आणि पेन्शन चालू. आमच्या २०११ च्या जनगणनेत शंभरी पार केलेली माणसं सहा लाख भरली. जपानमध्ये आजही लाखाच्या आसपासच आहेत. आमच्या सहा लाखांतली किती खरी आणि किती फ्लेक्सवरची, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. म्हणून मला मारियाचं कौतुक. तिचा जन्माचा कागद पक्का आहे.

तर मानमोडी. त्या साथीत आजीची आई गेली. आजी अंगावर पिणारी. तिच्या चुलतीची मुलगी दोन महिन्यांनी लहान होती. चुलतीनं एका मांडीवर ही आणि एका मांडीवर ती, असं दोघींना वाढवलं. आजी हे सांगताना दोन्ही हात पसरून मांडी दाखवायची. म्हणजे आजीची जनुकं तिच्या आईची, जिचा चेहराही तिला आठवत नव्हता, आणि पोटातले पहिले पाहुणे बरेचसे चुलतीकडून आले असणार. रक्त एकीचं, विरजण दुसरीचं.

विरजण हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. माणसाच्या अंगात अंदाजे अडतीस लाख कोटी जंतू असतात, आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा जरा जास्तच. वजन भराल तर पाव किलोही नाही. पण घरोघरचं दही जसं वेगळं, तसा हा ऐवज माणसागणिक वेगळा. आपण जो चोथा खातो, भाकरीतला, डाळीच्या सालीतला, तो आपल्याला पचत नाही. तो हे जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. अस्तर नीट राहिलं की नको ते रक्तात झिरपत नाही, आणि अंगातला तो मंद, न दिसणारा दाह आटोक्यात राहतो. हळूहळू माणसाला कुरतडतो तो हाच दाह.

आजीच्या ताटात ह्या जंतूंची सोय मोप होती. बाजरीची किंवा जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं, पातरट ताक. पाहुणा आला तर दही, एरवी ताकच. लोण्याचा गोळा विकायला जायचा. ह्याला आम्ही आता 'पारंपरिक आहार' म्हणून हात जोडतो. तिला कुणी म्हटलं असतं की हे तू आरोग्यासाठी खातेस, तर तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं असतं. ७२ च्या दुष्काळात ती पन्नाशी ओलांडलेली होती, आणि खडी फोडायला जात होती. तिकडे सुकडी मिळायची. जीवनशैली हा शब्द मला तिच्यासाठी वापरवत नाही. शैली निवडता येते.

आंबवलेलं खाऊन आयुष्य वाढतं ही कल्पना मात्र स्पेनच्या बाईपेक्षा जुनी आहे. इल्या मेच्निकॉव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ, १९०८ चा नोबेल मिळालेला, ह्या मताचा मोठा पुरस्कर्ता. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात आणि ते आंबट दूध पितात, हे त्यानं जोडलं आणि स्वतः रोज आंबट दूध प्यायला लागला. युरोपात दह्याची लाट आली. मेच्निकॉव्ह १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी गेला. ह्यावरून दही खोटं ठरत नाही, पण माझ्यातल्या हिशेबी बाईला हा आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दह्याची बाजू घ्यायची तर त्याहून बरा पुरावा आहे. स्टॅनफर्डमध्ये २०२१ मध्ये छत्तीस धडधाकट माणसांवर दहा आठवडे प्रयोग झाला. अर्ध्यांना दही, केफिर, किमचीसारखे आंबवलेले पदार्थ वाढवून दिले, अर्ध्यांना चोथ्याचे. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातल्या जंतूंची विविधता वाढली आणि दाहाच्या रक्तातल्या खुणा कमी झाल्या. चोथावाल्यांमध्ये तेवढ्या दिवसांत विविधता वाढली नाही. बहुधा चोथा खाणारे जंतूच आधी घरात असावे लागतात. पाहुणेच नसतील तर ताट कुणासाठी वाढायचं? जपानमध्ये सरासरी १०७ वर्षांच्या माणसांच्या पोटात असे जंतू सापडलेत, की ते पित्ताचं एक वेगळंच आम्ल बनवतात, आणि ते आम्ल चिवट रोगजंतूंना मारतं. तेही २०२१ चंच काम. पण ते जंतू होते म्हणून माणसं जगली, की एवढं जगलेल्या माणसातच असे जंतू टिकतात, ह्याचं उत्तर शंभरीच्या माणसाकडे बघून मिळत नाही. त्याला साठाव्या वर्षी कुणी तपासलेलं नसतं.

माझा भाचा बंगळुरूला असतो. त्यानं पोटातले जंतू मोजून देणाऱ्या एका कंपनीकडे डबी पाठवली. काय भरून, ते सांगत नाही. चोवीस पानी रंगीत अहवाल आला. त्याचं वय चौतीस, आतड्याचं वय एकोणचाळीस. सल्ला: चालावं, वेळेवर झोपावं, ताक प्यावं. "मावशी, साडेआठ हजार रुपये," तो म्हणाला.

आता जनुकांकडे. आपल्याकडे दीर्घायुष्याचा विषय निघाला की महर्षी कर्व्यांचं नाव येतंच. १८५८ चा जन्म, १९६२ चा मृत्यू, १०४ वर्षं. पायी चालणं, मितआहार, सगळं सांगितलं जातं. पण त्यांचा मुलगा, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारे र. धों., १९५३ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी गेले, वडील हयात असताना. एका घरातल्या दोन आयुष्यांवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून लोकांनी जुळ्यांची मापं काढली. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या २८७२ जुळ्या जोड्या तपासल्या, तर आयुष्याच्या लांबीतल्या फरकात जनुकांचा वाटा पुरुषांत २६ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के निघाला. २०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी तपासणाऱ्यांनी तो दहा टक्क्यांच्याही खाली आणला. माणसं आपल्यासारखीच माणसं बघून लग्न करतात, त्यामुळे जनुकांचा वाटा फुगलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. पत्रिका जुळवणाऱ्यांना हे सांगायला हवं.

आणि अगदी अलीकडे इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या मंडळींनी सगळं उलटं फिरवलं. त्यांचं म्हणणं, जुन्या आकडेवारीत साथी, अपघात, अशी बाहेरून आलेली मरणं इतकी आहेत की जनुकांचं काम त्याखाली झाकलं जातं. ती वजा केली तर जनुकांचा वाटा पन्नास टक्क्यांच्या आसपास जातो. न्यूयॉर्कच्या नीर बार्झिलाय यांनी पंचाण्णवच्या पुढच्या ४७७ ज्यू म्हाताऱ्यांना सवयी विचारल्या होत्या. सिगारेट, वजन, व्यायाम, ह्या कशातच ते त्यांच्या काळच्या चारचौघांपेक्षा शहाणे नव्हते. फ्रान्सची जान काल्मां १२२ वर्षं जगली, माणसांत सगळ्यांत जास्त, आणि ११७व्या वर्षापर्यंत सिगारेट ओढत होती. म्हणजे सत्तर-ऐंशीपर्यंत आपल्या वागण्याला बराच वाव आहे, पण त्यापुढच्या चढावर बैल कुणाचे, म्हणजे जनुकं कुणाची, हेच बहुधा ठरवतं. हा माझा अर्थ, शास्त्रज्ञांच्या माथी मारू नका.

बाहेरून आलेली मरणं, हे वाचलं आणि मला ती दुसरी मांडी आठवली.

चुलतीची मुलगी. आजी तिला बायडी म्हणायची. एकाच अंगावर दोघी वाढल्या, एकाच ताटात जेवल्या, एकाच विहिरीचं पाणी, एकाच माठातलं ताक. बायडी अंगानं आजीपेक्षा दांडगी होती, दोन घागरी एकदम उचलायची, असं आजी सांगे. लग्न होऊन ती शेजारच्याच गावात गेली आणि दुसऱ्या बाळंतपणात अडली. बैलगाडीतून तिला दहिवडीला न्यायला निघाले. अकरा मैल. आजी गाडीत होती, बायडीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "आर्ध्या वाटंत गप झाली," एवढंच आजी सांगायची. वय एकोणीस-वीस. तिची जनुकं कदाचित शंभर वर्षांची असतील. कोण जाणे. तिला रस्त्यानं मारलं.

माझ्या आजीला बघून आम्ही म्हणतो, बघा, भाकरी-ताक खाऊन म्हातारी अठ्ठ्याण्णव वर्षं जगली. तेच खाऊन जे गेले, त्यांचे फोटोही नाहीत. आजीची स्वतःची नऊ बाळंतपणं, त्यातली पाच मुलं राहिली. त्या चार मुलांनीही तिचंच दूध प्यायलं होतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुष्य बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तरच्या पुढे आहे. ते काही आमची जनुकं सुधारली किंवा दही वाढलं म्हणून नाही. देवीची लस, नळाचं पाणी, क्षयाच्या गोळ्या, आणि त्या अकरा मैलांवर झालेलं डांबर.

तरी मी घरी दही लावते. रोज. आजीच्या घरचं विरजण लग्न झाल्यावर मी स्टीलच्या डबीत घालून एसटीनं पुण्याला आणलं होतं, आणि पंचवीस वर्षं ते चाललं. अर्थात पंचवीस वर्षांनी त्यात माणदेशातलं काय उरलं असेल ते तेच जाणे. गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला. दहा दिवस अँटिबायोटिक, नंतर महिनाभर पोट बिघडलेलं, आणि ह्या सगळ्यात ओट्यावरचं दही बुरशी येऊन गेलं. मी रडले. नवऱ्याला कळेना की ही न्यूमोनियात रडली नाही आणि आता काय झालं. आई म्हणाली, हिरव्या मिरचीचे देठ टाकून लागतं दही. लागलंही, पण तारेचं. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या कानडी आज्जींकडून चमचाभर आणलं. आता आमच्याकडे धारवाडचं विरजण आहे.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे आणि आमच्याकडेच असते. दूध तापवणं माझ्याकडे, विरजणं तिच्याकडे. गॅसवरून उतरवलेलं दूध ती ओट्यावर ठेवते आणि खुर्चीत बसून वाट बघते. मग उठून करंगळी बुडवते. चटका बसला तर परत बसते. विरजण लावायचं ते वाटीच्या कडेकडेनं बोट फिरवून, नंतर दोनदा ढवळून. थंडीत पातेलं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवते. मी तिला थर्मामीटर दाखवला होता. तिनं तो ताप मोजायला ठेवून दिला.

परवा संध्याकाळी जाऊ आली. कप परवडत नाहीत असं ती म्हणाली नाही, म्हणाली की ह्यांना त्या चवीचा कंटाळा आलाय. हातात काचेची छोटी बाटली होती. "थोडं विरजण द्याल?"

सात वाजून गेले होते. आमच्याकडे दिवेलागणीनंतर विरजण बाहेर देत नाहीत. आजी तर मीठही द्यायची नाही. मी आईकडे पाहिलं. आई उठली, खिडकीशी गेली, पडदा बाजूला सारून तिनं रस्त्यावरच्या दिव्याकडे जरा वेळ बघितलं.

"उजेड आहे की अजून," ती म्हणाली. "आण ती बाटली."